चाळीस ओळींचा पोस्टमास्तर

निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही, असं म्हणणाऱ्याने निवृत्त माणसाचा इनबॉक्स उघडून पाहिलेला नसतो. विमा कंपनी विचारते, म्युच्युअल फंड विचारतो, ज्या दुकानातून आयुष्यात एकदा मिक्सर घेतला ते दुकान दर आठवड्याला विचारतं. वाढदिवसाच्या रात्री बाराच्या ठोक्याला पहिल्या शुभेच्छा पोटच्या पोराच्या येत नाहीत, डीमॅट खात्याच्या येतात. बँकेचं पत्र ‘प्रिय ग्राहक’ने सुरू होतं आणि ‘आम्ही तुमचा पासवर्ड कधीच विचारत नाही’ या आश्वासनावर संपतं. मधल्या तीन परिच्छेदांत काय होतं, हे सांगू शकणारा ग्राहक अजून जन्माला यायचा आहे.

शिवाय गृहनिर्माण सोसायटी. सोसायटीचे मेल हा मराठीतला नवा वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही. सेक्रेटरी टँकरच्या वेळेबद्दल दोन ओळी लिहितात. त्यावर बी विंगमधून ‘नोंद घेतली’ असं उत्तर येतं, तेही सर्वांना. मग सी विंगमधले एक गृहस्थ ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नये’ अशी सूचना करतात, सर्वांना. तिला अनुमोदन येतं, सर्वांना. संध्याकाळपर्यंत विषयाच्या जागी नुसतं ‘आरई, आरई, आरई’ उरतं आणि टँकर येऊन गेलेला असतो.

या सगळ्याच्या तळाशी सांगलीच्या मावसभावाचं खरंखुरं पत्र असतं. सापडेल तेव्हा सापडेल.

हिंजवडीत सर्व्हर सांभाळणारा माझा भाचा एका रविवारी जेवायला आला आणि त्याने हा इनबॉक्स पाहिला. डॉक्टर एक्स-रे पाहून जसा गप्प होतो, तसा तो गप्प झाला.

“मामा, तुला नवं ॲप नकोय. तुला स्क्रिप्ट हवी.”

“केवढी?”

“चाळीस ओळी. पन्नास म्हणजे डोक्यावरून पाणी.”

असं म्हणून त्याने काळा पडदा उघडला. त्याला टर्मिनल म्हणतात. टर्मिनलवाल्यांची जमात वेगळी. त्यांना माऊस सोवळ्यात चालत नाही. चित्र, बटण, रंग यांतलं काहीही दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. ब्राउझरची एक टॅब शेकडो एमबी मेमरी खाते, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्याच ताटातलं कोणी पळवलंय. हीच माणसं एसटीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली की शेजारचा प्रवासी काळ्या पडद्यावरची अक्षरं बघतो आणि खिशातलं एटीएम कार्ड चाचपतो. आत बापडा वीजबिलाचा मेल वाचत असतो.

भाच्याच्या मते ईमेलचं जे काही भलं व्हायचं ते १९७१ मध्येच होऊन गेलं. त्या साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज गावात बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने नेटवर्कवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला. पत्त्यात मधोमध ते वेटोळं चिन्ह घालण्याची कल्पनाही त्याचीच. दोन्ही संगणक एकमेकांच्या शेजारी होते आणि मजकूर काय होता हे पुढे त्यालाही आठवेना, इतका तो किरकोळ होता. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेल पाठवायचा आणि त्यात लक्षात राहण्यासारखं काही लिहायचं नाही, या दोन्ही प्रथा पहिल्या दिवसापासूनच्या आहेत. त्याच वर्षी आलेल्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीतही ‘मेल’ नावाची कमांड होती. टाइप करा, पत्र वाचा, उत्तर लिहा, संपलं. मेल म्हणजे मजकूर.

मग ११ मार्च १९९२ रोजी नथॅनियल बोरेनस्टाइन यांनी माइम पद्धतीने मेलला फोटो आणि गाणं जोडून पाठवलं. माइम ही त्यांनी नेड फ्रीड यांच्याबरोबर तयार केलेली पद्धत. फोटो होता ते स्वतः गात असलेल्या चौघांच्या गायनमंडळाचा आणि गाणंही त्याच चौघांनी म्हटलेलं. माइमची पहिली अटॅचमेंट म्हणजे आपल्या गाण्याचा कार्यक्रम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं होतं, हे समजल्यावर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आता स्क्रिप्ट. ती स्वतः फारसं काही करत नाही, दुसऱ्यांकडून करून घेते. मोठ्या पदावरच्या माणसांचीही कामाची रीत हीच असते, पण त्यांना चाळीस ओळी पुरत नाहीत. एमबीसिंक नावाचा प्रोग्रॅम सर्व्हरवरचे मेल आपल्या संगणकावर उतरवतो आणि एमएसएमटीपी नावाचा प्रोग्रॅम आपली उत्तरं बाहेर पोचवतो. मधला कारभार फायली दाखवणारी एलएस, शब्द शोधणारी ग्रेप आणि फाइल हलवणारी एमव्ही अशा जुन्याजाणत्या कमांडींवर चालतो. त्यांना मेल म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि त्याने त्यांचं काही अडतही नाही.

उतरलेले मेल ‘मेलडिर’ पद्धतीने ठेवले जातात. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात काढली. प्रत्येक मेलची एक स्वतंत्र फाइल आणि कप्पे तीन: तात्पुरता, नवा, चालू. पत्र आलं की आधी तात्पुरत्यात उतरतं, पूर्ण उतरलं की नव्यात जातं, आपण पाहिलं की चालूमध्ये. माझी उमेदीची वर्षं बँकेच्या आवक-जावक विभागात गेली, त्यामुळे हे पाहून मला भरून आलं. आमच्याकडेही हेच होतं. फरक इतकाच, की आमच्याकडे पत्र एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला शिक्का, सही आणि शिपायाचा चहा लागायचा.

मेल वाचला की नाही ही नोंद कुठे राहते? फाइलच्या नावातच. नावाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर लागलं की मेल वाचलेला, ‘आर’ लागलं की उत्तर दिलेला, ‘एफ’ म्हणजे महत्त्वाचा, ‘टी’ म्हणजे टाकून द्यायचा.

“म्हणजे फाइल न उघडता नुसतं नाव बदललं, तरी मेल वाचला असं धरायचं?”

“हो. फोनवरसुद्धा वाचलेलाच दिसेल.”

हे तंत्र नवीन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कुठल्याही बँकेच्या शाखेत मुख्य कार्यालयाची परिपत्रकं कशी वाचली जातात ते पाहावं.

पुढचा प्रश्न निवडण्याचा. जाहिरातीच्या मेलमध्ये वरच्या, सहसा न दिसणाऱ्या भागात ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ अशी एक ओळ असते. ती घालायची पद्धत १९९८ मध्ये ठरली. २०२४ मध्ये तर गुगल आणि याहू यांनी आपल्या ग्राहकांना ढिगाने जाहिराती धाडणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली, तेव्हापासून ही ओळ आणखी सर्रास झाली. ग्रेपने ती ओळ शोधायची आणि सापडली की मेल ‘जत्रा’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायचा. ज्याला पहिल्याच भेटीत निरोप घ्यायची वाट दाखवावी लागते तो आपला माणूस नव्हे, हे ग्रेपला बरोबर कळतं. एका ओळीत इनबॉक्सचं वजन इतकं उतरलं की मला स्वतःविषयी काळजी वाटू लागली. आपल्याला एवढंच कोणी विचारत होतं?

पण काही कामाची पत्रंही ही ओळ घेऊन येतात. म्हणून भाच्याने ‘माणसं’ नावाची एक साधी फाइल केली. तिच्यात ज्यांचे पत्ते, त्यांचे मेल कुठलीही चाळण न लागता थेट पुढ्यात. इथपर्यंत सगळं तांत्रिक होतं. इथून पुढे प्रकरण कौटुंबिक झालं.

माझे साडू रोज सकाळी कोमट पाण्याचे फायदे पाठवतात. संध्याकाळी त्याच पाण्याचे तोटे पाठवतात. ते ‘माणसं’मध्ये बसतात का, हा विचार करून मी त्यांना तूर्त बाहेर ठेवलं होतं. ॲपमधलं सेटिंग चार पडद्यांच्या आत लपलेलं असतं, तिथपर्यंत घरचं कोणी पोचत नाही. साधी फाइल मात्र पडद्यावर उघडीच होती. सौभाग्यवती मागून चष्मा लावून आल्या, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “ताईच्या यजमानांचं नाव दिसत नाही यात?” साध्या मजकुराचे फायदे भाचा नेहमी सांगतो: तो पन्नास वर्षांनी उघडतो, कुठल्याही यंत्रावर उघडतो, कोणालाही वाचता येतो. यातला तिसरा फायदा त्याने लग्न झाल्यावर पुन्हा तपासावा.

सोसायटीसाठी वेगळा बंदोबस्त करावा लागला. बर्कली विद्यापीठात १९७८ मध्ये कर्ट शोन्स यांनी लिहिलेल्या मेल प्रोग्रॅमच्या चालीत धाकटं ‘आर’ दाबलं की उत्तर सगळ्यांना जातं आणि थोरलं ‘आर’ दाबलं की फक्त पाठवणाऱ्याला. शिफ्ट नावाच्या एका बटणावर माणसाची अब्रू टांगलेली. नंतरच्या मट या प्रोग्रॅमने ‘आर’ म्हणजे एकट्याला आणि ‘जी’ म्हणजे सगळ्यांना अशी वाटणी करून पुष्कळ संसार वाचवले. भाच्याने आमच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक कडी घातली. पत्ते दोनापेक्षा जास्त असले की ती ‘खरंच सगळ्यांना?’ असं विचारते आणि दहा सेकंद थांबते. पण दहा सेकंदांत मुद्दा सोडून देणारा माणूस पुण्यात नाही. शेवटी एक मिनिट केलं.

मग मेलची साल काढण्याचं काम. आजकालचा मेल म्हणजे छोटं संकेतस्थळच असतं. रंग, चौकटी, बटणं, वर कंपनीचं बोधचिन्ह आणि कुठेतरी एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र. हा ठिपका उघडला की पाठवणाऱ्याला कळतं, यांनी मेल पाहिला. टर्मिनल चित्रच आणत नाही, त्यामुळे तिकडे काही कळत नाही. फंडवाल्यांच्या लेखी मी त्यांचा एकही मेल उघडलेला नाही. त्यांच्या वहीत माझी नोंद काय असेल ते असो, फोन मात्र अजून येतात.

बहुतेक मेल दोन रूपांत येतात, एक नटलेलं आणि एक साधं. साधं रूप टर्मिनलसाठी, असं कागदावर तरी आहे. प्रत्यक्षात कित्येकदा त्या साध्या रूपात एकच वाक्य असतं: ‘आपला प्रोग्रॅम हा मेल दाखवू शकत नाही.’ म्हणजे बोलावणं केलंच, वर दारातून सांगितलं की तुमच्यासाठी पान मांडलेलं नाही. अशा वेळी स्क्रिप्ट नटलेलं रूप डब्ल्यूथ्रीएम या मजकुरी ब्राउझरमधून गाळून घेते. गाळून काय उरतं हे पाहण्यासारखं असतं. अर्धा पडदा भरलेल्या दिवाळी ऑफरमधून दोन ओळी निघतात, आणि त्यातली एक ‘अटी लागू’ असते.

कचेरीतल्या पत्रांची तऱ्हा निराळी. भाच्याच्या वरिष्ठांचं उत्तर ‘ओके’. त्याखाली नाव, हुद्दा, फोन. त्याखाली छापण्याआधी झाडांचा विचार करा. त्याखाली हा मेल चुकून तुमच्याकडे आला असल्यास काय करू नये याची कायदेशीर ताकीद, मूळ मजकुराच्या किती पट हे मोजण्यात अर्थ नाही. जुन्या मंडळींनी यासाठी एक शिस्त घालून दिली होती: मजकूर संपला की एका ओळीवर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा द्यायची, त्याखाली सही. ही खूण दिसली की स्क्रिप्टमधली सेड कमांड तिथून खालचं सगळं छाटते. शिस्त उत्तम आहे. पाळणारा मात्र अजून सापडलेला नाही, म्हणून ताकिदीतली ठरावीक वाक्यं ओळखून छाटावी लागतात. छाटल्यावर ‘ओके’ उरतं. मग भाचा विचार करतो, की ओके म्हणजे कशाला?

पीडीएफ हे खास भारतीय प्रकरण. आपल्याकडे हिशेबाचा कागद कुलूपबंद येतो आणि प्रत्येकाची किल्ली निराळी. कोणाला पॅन क्रमांक मोठ्या लिपीत लागतो. आयकराच्या पोचपावतीला तोच पॅन छोट्या लिपीत आणि पुढे जन्मतारीख. कोणाला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना. रोमन लिपीत ज्यांचं नाव तीनच अक्षरांत आटोपतं त्यांनी काय करावं हे कुठेच लिहिलेलं नसतं. किल्ली कशी घडवायची हे मात्र त्याच मेलमध्ये, उदाहरणासकट छापलेलं असतं. पीडीएफटूटेक्स्ट ही कमांड पासवर्ड दिला की कागदातला मजकूर बाहेर काढून देते. या किल्ल्या स्क्रिप्टमध्ये उघड्या लिहायच्या नसतात, जीपीजीने बंद केलेल्या फाइलमध्ये ठेवायच्या असतात. त्या फाइलचा पासवर्ड डोक्यात ठेवायचा असतो. डोक्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याने पाहावं.

खरी गंमत मराठीची. सांगलीच्या मावसभावाने ‘पाणी’ या विषयावर मेल पाठवला होता. मी ग्रेपला ‘पाणी’ शोधायला सांगितलं. ग्रेप म्हणाली, नाही. मेल डोळ्यांसमोर होता. भाच्याने त्याची मूळ फाइल उघडली तर विषयाच्या ओळीत पाणी नव्हतंच, रोमन अक्षरांचा नुसता चिखल होता. मेलचे नियम ठरले तेव्हा शीर्षकात इंग्रजीपलीकडचं काही येईल असं कोणी धरलं नव्हतं. त्यामुळे देवनागरी अक्षर प्रवासाला निघताना बहुधा वेषांतर करून निघतं. यूटीएफ-८ मध्ये आपलं एक अक्षर तीन बाइटांचं, आणि बेस-६४ नावाच्या रीतीत दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हं होतात. म्हणून ओळीच्या आरंभी असलेल्या आपल्या प्रत्येक व्यंजनाची सुरुवात ‘४, के, एस’ याच तीन चिन्हांनी होते. क असो वा ज्ञ, बाहेरून सगळे ४-के-एस. फक्त लग्नपत्रिका निराळी. ती ‘॥ श्री ॥’ने सुरू होते आणि त्या दोन दंडांचं वेषांतर ‘४, के, डब्ल्यू’ असं होतं. त्यामुळे भाच्याला वेषांतर न उलगडताही आमंत्रण ओळखता येतं. हिंदी मेलही असाच ४-के-एस घालून येतो, त्यामुळे या पातळीवर मराठी आणि हिंदी यांत काही फरक नाही. हे वाक्य कृपया सर्वांना पाठवू नये.

वेषांतर उलगडायला चार ओळी वाढल्या. पीडीएफच्या सहा. दर दहा मिनिटांनी आपोआप मेल आणायला क्रॉनची एक. मग नवा मेल आला की आवाज यावा असं वाटलं. बर्कलीत १९८० साली यासाठी बिफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला गेला होता, तिथल्या एका कुत्र्याचं नाव दिलेला. ते कुत्रं पोस्टमनवर भुंकायचं अशी आख्यायिका आहे आणि मालकिणीने ती फेटाळलेली आहे. आमच्या स्क्रिप्टला भुंकणं शिकवेपर्यंत आमंत्रणाची तारीख कॅलेंडरात जायला हवी होती, कॅलेंडरात गेल्यावर आदल्या दिवशी आठवण हवी होती, आणि आठवण येणारच असेल तर त्या दिवशी पाऊस आहे का हेही कळलं तर बरं होतं. नेटस्केपमध्ये काम केलेल्या जेमी झविन्स्की यांच्या नावाचा एक नियम प्रोग्रॅमर मंडळींत प्रसिद्ध आहे: प्रत्येक प्रोग्रॅम मेल वाचता येईपर्यंत वाढतच जातो. आमचा मेल वाचण्यापासूनच निघाला होता, त्यामुळे त्याला थांबायला ठिकाणच नव्हतं. तो हवामान खात्याकडे निघाला.

“चाळीस म्हणाला होतास,” मी म्हटलं.

“टिपणं धरून नाही, मामा.”

त्याने टिपणं वगळून मोजलं आणि विषय बदलला. पण पोरगा जातिवंत टर्मिनलवाला. पुढच्या रविवारी येऊन त्याने हवामान कापलं, कॅलेंडर कापलं, भुंकणं कापलं. मट या प्रोग्रॅमच्या कर्त्याने आपल्या कामाची जाहिरात, सगळे मेल प्रोग्रॅम वाईटच असतात, हा जरा कमी वाईट, अशा अर्थाची केली होती. आपण दर पाच वर्षांनी मतदानाला याच हिशेबाने जातो, त्यामुळे मला ती पटली. स्क्रिप्टही शेवटी तेवढ्यावर आणून ठेवली.

आता सकाळी एक कमांड दिली की जत्रा जत्रेत जाते, सोसायटी सोसायटीत, कुलूपबंद कागद उघडून हिशेबाच्या फोल्डरमध्ये. समोर उरतात मूठभर पत्रं. माणसांनी लिहिलेली, उत्तराची वाट बघणारी. आणि इथे चाळीस ओळींचा पोस्टमास्तर हात वर करतो. उत्तर काय लिहायचं हे त्याला सांगता येत नाही. तोपर्यंत माझ्याकडे एक सबब होती: “अरे, तुझा मेल दिसलाच नाही, ढिगात गेला असणार.” ही सबब निम्मा महाराष्ट्र वापरतो आणि ती बहुतेक वेळा खरीही असते. इनबॉक्स साफ केला की पहिल्यांदा तीच जाते. ढिगारा ही आपली अडचण नव्हती, सोय होती. जत्रेत ढकललेला प्रत्येक मेल आपल्या आळसावर पांघरूण घालत होता.

तेव्हा ज्यांना उत्तरं लिहायची नसतील त्यांनी या भानगडीत पडू नये. ज्यांना लिहायची असतील त्यांच्यासाठी एवढंच: स्क्रिप्टमध्ये पुसून टाकणारी आरएम कमांड कुठेही घालू नका, हलवणारी एमव्ही घाला, मेलची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवा, सुरुवातीचे काही दिवस स्क्रिप्टला प्रत्यक्ष काही करू देऊ नका, काय केलं असतं तेवढंच छापायला लावा. आणि ‘माणसं’ ही फाइल बनवाल तेव्हा सर्वांत वरच्या ओळीत साडूंचं नाव घाला.